बारा हजारांच्या डब्यात सतरा हजारांचं कार्ड: एका जुन्या ऑप्टिप्लेक्सचं प्रकरण

मशीन: डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, मिनी टॉवर. प्रोसेसर इंटेल कोअर आय५-४५९०, म्हणजे २०१४ सालचा, चार कोअर (हिशेब करणारे भाग) आणि चारच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). रॅम ८ जीबी डीडीआर३, सगळी एकाच स्टिकमध्ये. २४० जीबीचा एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही; प्रोसेसरच्या पोटातलं एचडी ४६०० काय ते चित्र काढतं. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, २९० वॉटचा. मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८, आणि त्याला फक्त व्हीजीएची निळी केबल.

मालक: कोथरूडमधले एक करसल्लागार. आमच्याच सोसायटीत राहतात, लहानथोर सगळे त्यांना काका म्हणतात. कंपन्यांनी मोडीत काढलेल्या, झाडूनपुसून विकायला ठेवलेल्या अशा मशीन पुण्यात हव्या तेवढ्या मिळतात. काकांनी ऑफिससाठी अशा दोन घेतल्या होत्या, साधारण बारा हजारांना एक. ऑफिसात लॅपटॉप आले, तशी त्यातली एक घरी आली.

मागणी एकच, पण तिला तोंडं दोन. थोरली आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्केचअपमध्ये मॉडेल उभं करायचं आणि ज्युरीसाठी (कॉलेजात परीक्षकांपुढे काम मांडण्यासाठी) ब्लेंडरमधून रेंडर, म्हणजे मॉडेलची खरी वाटणारी चित्रं, काढायचे, हा तिचा उद्योग. धाकटा अकरावीत. त्याला व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचं आहे आणि तो ते अभ्यासाच्या नावाखाली लपवत नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. दोघांच्या भांडणावर काकांनी पंधरा हजारांचा आकडा ठरवला आणि मला विचारलं, "एवढ्यात चांगलं कार्ड कुठलं येतं ते सांग."

चांगलं कार्ड कुठलं, हे सांगणारे यूट्यूबवर पैशाला पासरी आहेत. या डब्यात कुठलं चालेल, हे मात्र डबा उघडल्याशिवाय कळत नाही. या प्रकरणात बाजारात पाऊल टाकण्याआधीच निवड जवळजवळ झालेली होती, आणि ती केली एसएमपीएसवरच्या स्टिकरने.

नेमकं अडतंय कुठे

मशीन 'स्लो' आहे या तक्रारीला काही अर्थ नसतो. टास्क मॅनेजरमधला परफॉर्मन्सचा टॅब उघडा ठेवून दोघांना आपापलं काम करायला बसवलं.

थोरलीने स्केचअपमध्ये तिचं मोठं मॉडेल फिरवलं. चित्र अडखळत होतं, पण सीपीयूचा आलेख दाखवत होता २५-३० टक्के आणि ग्राफिक्सही निम्म्याच्या खाली. पाहणाऱ्याला वाटतं, मशीन तर आरामात आहे. चार कोअरच्या प्रोसेसरवर २५ टक्के म्हणजे एक कोअर पूर्ण भरलेला आणि तीन कोअर हातावर हात ठेवून बसलेले, असा त्याचा अर्थ. स्केचअपचं बरंचसं काम एकाच थ्रेडवर चालतं. इथे कार्ड बदलून फारसा फरक पडणार नाही, हे तेव्हाच तिला सांगून टाकलं.

मग ब्लेंडर. सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर काढणाऱ्या भागात, एका खोलीचं रेंडर लावलं तर चारही कोअर शंभर टक्के आणि ग्राफिक्स शून्यावर. एचडी ४६०० हे सायकल्सच्या कामाचंच नाही. ब्लेंडरच्या ४ क्रमांकाच्या आवृत्त्यांना इंटेलचं ग्राफिक्स ब्रॉडवेल पिढीपासून पुढचं लागतं. आपला प्रोसेसर हॅसवेल पिढीचा, त्याच्या एक पिढी मागे. म्हणजे प्रोग्राम उघडत होता हीच मेहेरबानी. ते रेंडर पाऊण तास चाललं आणि तेवढ्या वेळात मशीनवर दुसरं काही करता आलं नाही.

जीटीएमध्ये उलटं: ग्राफिक्स शंभरावर टेकलेलं, सीपीयू निम्म्यावर. व्हॅलोरंट मात्र बऱ्यापैकी चालत होतं. त्या खेळाची किमान अट एचडी ४००० एवढीच आहे, त्यामुळे धाकट्याने 'अजिबात चालत नाही' असं जे घरी सांगितलं होतं ते वकिली पद्धतीचं होतं.

आणि या सगळ्यांत रॅम. स्केचअप, ब्लेंडर आणि क्रोमचे दहा-बारा टॅब उघडे असले की ८ जीबी भरून वाहत होती. शिवाय स्टिक एकच, म्हणजे सिंगल चॅनल. डीडीआर३-१६०० चा एक चॅनल सेकंदाला १२.८ जीबी देतो, आणि त्यातच प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनी भागवायचं. दुसरी तशीच स्टिक लावली की हा आकडा दुप्पट होतो. तुलनेसाठी सांगायचं तर २०१९ च्या साध्या जीटीएक्स १६५० कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १२८ जीबीने चालते.

थोडक्यात, रेंडर आणि जीटीएला कार्ड हवं, रोजच्या कामाला रॅम हवी, स्केचअपला नवा प्रोसेसर हवा. पंधरा हजारांत तिन्ही येत नाहीत.

डबा काय म्हणतो

बाजूचं झाकण काढलं. ९०२० च्या मिनी टॉवरला पूर्ण उंचीचा पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा सोळा लेनचा (माहितीच्या सोळा वाटांचा) स्लॉट आहे, ही चांगली गोष्ट. याच मॉडेलचा चपटा डबा असता तर अर्ध्या उंचीचं कार्ड शोधत बसावं लागलं असतं, आणि त्या जातीत निवडही कमी आणि भावही चढे. जागेसाठी टेप लावून पाहिली. दोन पंख्यांची लांब कार्डं पुढच्या हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला आणि साटा केबलींना भिडतील असं दिसलं. एक पंख्याचं आखूड कार्ड बरं.

खरी गोम एसएमपीएसमध्ये. २९० वॉट हा आकडा ऐकून लोक घाबरतात, पण तो तितका वाईट नाही. प्रोसेसरची मर्यादा ८४ वॉट, बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून चाळीसेक धरा, कार्डाला ७५ द्या, दोनशेपर्यंत जातं. प्रश्न असा की या एसएमपीएसमधून ग्राफिक्स कार्डाला जाणारी सहा किंवा आठ पिनांची वायरच निघत नाही. मग कार्डाला वीज मिळणार फक्त स्लॉटमधून, आणि स्लॉटची मर्यादा ७५ वॉट. त्यातही १२ व्होल्टच्या वाटेने साडेपाच अँपिअर, म्हणजे ६६ वॉट, बाकीची ३.३ व्होल्टवर.

"मग एसएमपीएस बदलू, त्यात काय," असं धाकटा म्हणाला. बदलता येतो. पण या डेलच्या मदरबोर्डाला नेहमीची २४ पिनांची जोडणी नाही, आठ पिनांची खास आहे. म्हणजे बरा ४५० वॉटचा एसएमपीएस अडीच-तीन हजारांना, वर २४ ते ८ पिनांचं कन्व्हर्टर. कार्डाच्या बजेटमधले साडेतीन हजार वायरींतच गेले.

यावर बाजारात एक स्वस्त उपाय विकला जातो आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो धोक्याचा आहे. साटा पॉवरच्या वायरीपासून आठ पिनांची जोडणी करून देणारी शे-दीडशे रुपयांची केबल मिळते. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची ताकद दीड अँपिअर. हिशेब होतो ५४ वॉट. आठ पिनांच्या जोडणीतून कार्ड १५० वॉटपर्यंत ओढू शकतं. फरक कुठे जातो? प्लास्टिकमध्ये, उष्णता होऊन. जळालेली, पिवळी पडलेली साटाची टोकं दुरुस्तीवाल्यांकडे पाहायला मिळतात. ज्या घरात करदात्यांची कागदपत्रं शेजारच्या खोलीत रचलेली आहेत तिथे मी ती केबल लावू देणार नव्हतो.

म्हणून पहिली चाळणी ठरली: कार्ड ७५ वॉटच्या आत, वीज फक्त स्लॉटमधून, लांबी कमी.

चाळणीतून काय गळलं

धाकट्याच्या मनात आरएक्स ५८० होतं, ८ जीबीचं, वापरलेलं, साडेसहा हजारांना. त्याच्या मित्राच्या मित्राकडे. खेळांसाठी हे कार्ड आजही बरं आहे हे कबूल. पण त्याला १८५ वॉट आणि आठ पिना लागतात, तेव्हा चाळणीतच अडकलं. समजा एसएमपीएस बदलला, तरी दुसरी अडचण थोरलीची. ब्लेंडरने ३.० या आवृत्तीत, २०२१ च्या डिसेंबरात, ओपनसीएलचा आधार काढून टाकला. त्यानंतर एएमडीची कार्डं ज्या हिप नावाच्या मार्गाने सायकल्समध्ये चालतात, त्यात ५८० ची पोलारिस पिढी नाही. म्हणजे आठ जीबीचं कार्ड लावूनही तिचं रेंडर सीपीयूवरच पाऊण तास चाललं असतं. शिवाय '५८०' नावाने विकली जाणारी बरीच कार्डं २०४८ एसपी (२०४८ कोअरच्या) प्रकारची असतात, जी खऱ्या २३०४ वाल्या ५८० पेक्षा ५७० च्या जवळची. आणि इथेरियमचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर आभासी चलन कमवायचा धंदा) १५ सप्टेंबर २०२२ ला बंद पडल्यावर बाजारात जे लोंढे आले, त्यातलं कुठलं कार्ड किती वर्षं रात्रंदिवस तापलंय हे वरून कळत नाही.

जीटी १०३० फक्त ३० वॉटचं, पण २ जीबीचं आणि खेळ-रेंडर दोन्हीला अपुरं. त्यातही याच नावाखाली डीडीआर४ मेमरीचं एक पिल्लू आहे. मूळ कार्डाचा मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, या पिल्लाचा १७ च्याही आत.

जीटीएक्स १०५० टीआय वापरलेलं पाचेक हजारांना मिळतं. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. पण एनव्हीडियाने त्याच्या पास्कल पिढीला नेहमीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) देणं २०२५ च्या ऑक्टोबरला थांबवलं. आता फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही २०२८ पर्यंत.

इंटेल आर्क ए३८० कागदावर छान, ७५ वॉट आणि ६ जीबी. पण पूर्ण वेगाने चालायला त्याला रिसाइझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम उघडी करणारी सोय) लागतो आणि तो या जुन्या बोर्डात नाही. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॉटचं, पण ते चारच लेन वापरतं. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये ते चालून जातं, आपल्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्या चार लेनचा वेग निम्मा होतो. त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे धाकट्याला खेळ रेकॉर्ड करायचा झाला की पुन्हा बिचारा सीपीयू.

उरली दोन: जीटीएक्स १६५०, ४ जीबी, ७५ वॉट, आणि आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी रूप, ७० वॉट, जे फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं.

तपकीर गल्ली

तपकीर गल्ली म्हणजे बुधवार पेठेतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार. काका गाडी काढायला तयार नव्हते आणि ते शहाणपणाचंच होतं. वनाजहून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला बदलून मंडई, आणि तिथून पायी. आता बुधवार पेठेत जायचा हाच सभ्य मार्ग.

पहिल्या दुकानात पहिला प्रश्न तोच, जो सगळीकडे असतो: "किती जीबीचं पाहिजे?" धाकट्याने "चार" म्हटल्याबरोबर काउंटरवर जीटी ७३० आलं. चार जीबी, डीडीआर३, भाव साडेचार हजार. जीबी चारच होते, खोटं काही नव्हतं. पण हे २०१४ चं कार्ड. त्याच्या केप्लर पिढीचे नेहमीचे ड्रायव्हर २०२१ लाच थांबले. मेमरी किती यापेक्षा ती किती वेगाने चालते आणि तिच्यामागची चिप काय लायकीची, हे पाहायचं असतं. दुकानदाराला मी दोष देत नाही. गिऱ्हाईक जीबी विचारतं, तो जीबी विकतो.

दुसऱ्या दुकानात भाव निघाले. १६५० नवं, तीन वर्षांच्या वॉरंटीचं, १२,६००. ३०५० सहा जीबी, एक पंख्याचं, १६,९००. तिथला मुलगा जाणकार होता. त्याने आपणहून विचारलं, "एसएमपीएस कुठला?" पुण्यातल्या काउंटरवर हा प्रश्न ऐकून माझं त्या दुकानाबद्दल मत एकदम चांगलं झालं. मग त्यानेच एक सापळाही दाखवला: ३०५० नावाची दोन कार्डं आहेत. ८ जीबीचं २०२२ चं, त्याला १३० वॉट आणि जादा वायर लागते. ६ जीबीचं वेगळं, त्यात कोअरही कमी, २५६० ऐवजी २३०४. नाव एक, डबे सारखे, आणि वापरलेलं आठ जीबीचं याच भावात मिळत असल्यामुळे माणूस "मोठं घेऊ" म्हणून फसतो. १६५० मध्येही काही मॉडेल सहा पिना मागतात. बॉक्सवरचं नाव वाचून भागत नाही, कार्डाची वरची कड उघडी करून जोडणी आहे का ते पाहावं.

एका तिसऱ्या ठिकाणी वापरलेलं '१०५० टीआय' साडेतीन हजारांना दाखवलं गेलं, बिल नाही, बॉक्स नाही. भाव फारच गोड होता. फर्मी नावाच्या जुन्या पिढीतल्या कार्डावर खोटं बायोस (आत भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) चढवून १०५० टीआय म्हणून विकायचा धंदा जुना आहे. जीपीयू-झेड हा छोटा फुकट प्रोग्राम चालवला की अशा कार्डाच्या नावाआधी तो सरळ 'फेक' लिहून मोकळा होतो. "जरा लावून दाखवता का" म्हटल्यावर मशीन रिकामं नसल्याचं कळलं. आम्हीही आग्रह धरला नाही.

चार आण्याची कोंबडी

घरी आल्यावर काकांनी कागदावर दोन रकाने काढले. १६५० घेतलं तर रॅमची दुसरी स्टिक १,२०० आणि व्हीजीएचं कन्व्हर्टर ३५० धरून १४,१५०. बजेटच्या आत. ३०५० घेतलं तर १८,४५०. साडेतीन हजार वर.

"बारा हजारांचं मशीन आणि सतरा हजारांचं कार्ड," काका म्हणाले. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

म्हण बरोबर लागू पडत होती आणि त्यांच्याशी वाद घालायचा तर तिलाच धरून घालावा लागणार होता. या मसाल्याची खासियत अशी की तो रश्श्यातून परत काढून घेता येतो. या मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. इंटेलची आठवी पिढी लागते, आपली चौथी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा-मुदत घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. म्हणजे कोंबडी फार दिवसांची नाही हे आधीच ठरलेलं. पुढचं मशीन घ्याल तेव्हा कार्ड त्यात जाईल. मग प्रश्न असा होतो की दोन वर्षांनी नव्या मशीनमध्ये कुठलं कार्ड लावायला तुम्हाला संकोच वाटणार नाही? १६५० तेव्हा काढून टाकावंसं वाटेल. ३०५० तेवढं नाही.

दुसरा मुद्दा थोरलीच्या कामाचा, आणि माझ्या मते निकाल तिथेच लागला. १६५० मध्ये रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढणारे, वेगळे कोअर नाहीत. ३०५० मध्ये ते आहेत, आणि ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्स (एनव्हीडियाच्या कार्डांचा पर्याय) निवडलं की सायकल्स ते वापरतं. रेंडरच्या कामात या दोन कार्डांतला फरक दुपटीच्या वर जातो. शिवाय चार जीबी आणि सहा जीबी. सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही तर काम सिस्टिमच्या रॅमवर सांडतं आणि वेग कोसळतो. तिच्या वर्गात सध्या ज्या डी५ रेंडरची चर्चा आहे, त्याची किमान अटच सहा जीबीचं जीटीएक्स १०६० आहे. खेळांच्या बाजूने पाहिलं तर १६५० पुरेसं होतं. या प्रोसेसरपुढे ३०५० ची बरीचशी ताकद बसूनच राहणार. धाकटा एकटा असता तर मी डोळे मिटून वापरलेलं १६५०, सात-साडेसात हजारांचं, सांगितलं असतं.

३०५० घ्यायचं ठरलं. वरचे पैसे थोरलीने उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपच्या मानधनातून दिले. बदल्यात बिल तिच्या नावावर आणि ज्युरीच्या आठवड्यात मशीनला धाकट्याने हात लावायचा नाही, असं ठरलं. काकांनी ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. व्यवसायाची सवय.

बसवणी

आधी रॅम. डीडीआर३ ची जुनी स्टिक घेताना दोन खड्डे आहेत. सर्व्हरमधून निघालेल्या रजिस्टर्ड स्टिका स्वस्त मिळतात आणि इथे चालत नाहीत. दुसऱ्या, 'फक्त एएमडीसाठी' अशा आठ जीबीच्या स्टिका; विकताना ते वाक्य कुणी बोलत नाही. इंटेलच्या बोर्डावर मशीन सुरूच होत नाही. दुकानातून घेतानाच परत करायची बोली करावी.

कार्ड लावण्याआधी डेलच्या संकेतस्थळावरून बायोस अद्ययावत केलं, तेही यूपीएसवर आणि गुरुवार टाळून. (पुण्याबाहेरच्यांसाठी: गुरुवार हा आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा पारंपरिक वार.) काकांचा यूपीएस ६०० व्हीए, म्हणजे साधारण ३६० वॉट. दोनशे वॉटच्या मशीनला आणि मॉनिटरला पुरतो.

विंडोज लेगसी, म्हणजे मशीन सुरू करायच्या जुन्या पद्धतीने टाकलेलं निघालं. नवी कार्डं यूईएफआय ही नवी पद्धत धरून बनवलेली असतात, तेव्हा नंतरची डोकेदुखी नको म्हणून महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून एमबीआर२जीपीटी या विंडोजच्याच आज्ञेने डिस्क बदलून घेतली आणि बायोसमध्ये यूईएफआय चालू केलं. व्हॅलोरंटसाठी मशीन विंडोज १० वरच ठेवायचं होतं. ११ वर तो खेळ टीपीएम (सुरक्षेची चिप) २.० मागतो आणि या बोर्डात १.२ आहे. जुगाड करून ११ टाकायचं आणि मग खेळ बंद पडला म्हणून ओरडायचं, हा प्रकार टाळला.

मग कार्ड. डेलच्या कॅबिनेटला मागे स्क्रू नसतो, निळी खिट्टी असते. ती उचलून जुनी पट्टी काढायची, कार्ड स्लॉटमध्ये 'टक' होईपर्यंत दाबायचं, खिट्टी बंद. एवढंच. कार्डामागे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट, व्हीजीए नाही. या पिढीच्या कार्डांतून अॅनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे नुसती आकार बदलणारी पिन चालत नाही. आत चिप असलेलं कन्व्हर्टर लागतं. केबल कार्डालाच लावायची, बोर्डावरच्या जुन्या व्हीजीएला नव्हे. हे लिहायला हास्यास्पद वाटतं, पण 'कार्ड घेतलं आणि डिस्प्लेच येत नाही' अशा फोनांमागे बहुतेक वेळा हेच असतं.

फरक

तीच खोली, तेवढेच सॅम्पल, ऑप्टिक्स चालू. पाऊण तासाचं रेंडर तीन मिनिटांच्या आत. थोरलीने ते पुन्हा लावून पाहिलं, कारण तिला वाटलं काहीतरी सेटिंग उडालं असेल. खरा बदल वेळेचा नाही, वागण्याचा झाला. आधी ती एकच कोन ठरवून रात्री रेंडर लावायची आणि सकाळी जे येईल ते ज्युरीला न्यायची. आता खिडकीतून येणारा उजेड दहा प्रकारे लावून बघते. चित्रं सुधारली ती त्यामुळे.

जीटीए मॉनिटरच्या ताकदीएवढं, साठ फ्रेमच्या वर, सहज चालतं. पण आता आलेख उलटा झाला आहे: सीपीयू नव्वदच्या वर आणि कार्ड निम्म्यावर. गर्दीच्या चौकात गाडी वळवली की अडखळतं आणि ते कार्डाने बरं होणारं नाही. व्हॅलोरंटचे फ्रेम वाढले, पण धाकट्याला अपेक्षा होती तेवढे नाहीत. तो आता आय७-४७९० म्हणतोय. त्याच सॉकेटमध्ये बसतो, ८४ वॉटचाच, आठ थ्रेड, वापरलेला चार-साडेचार हजारांना. जीटीएला त्याचा उपयोग होईल, हे खरं आहे. मरणपंथाला लागलेल्या बोर्डावर आणखी चार हजार घालावेत असं मला वाटत नाही. कार्ड पुढे नेता येतं, हा प्रोसेसर येत नाही.

स्केचअप जसं होतं तसंच. रॅम दुप्पट झाल्याने फाइल उघडताना आणि एकीकडून दुसरीकडे जाताना बरं वाटतं, पण मोठं मॉडेल फिरवताना तोच एक कोअर भरतो आणि तीच अडखळ. तिने मॉडेलमधली झाडं साध्या सपाट चित्रांची केली, खुर्च्यांचे कंपोनंट हलके केले. त्याने जेवढा फरक पडला तेवढा सतरा हजारांनी पडला नाही.

वीज आणि उष्णतेचं म्हणाल तर पूर्ण भारातही एसएमपीएसने कुरकुर केली नाही. मात्र हे सगळं थंडीतलं. पुण्याचा एप्रिल-मे चाळिशीला जातो आणि या डब्यात हवा खेळायला पुढची एक जाळी आणि मागचा एक पंखा एवढंच आहे. तेव्हा तापमान पाहून गरज पडली तर कार्डाची वीजमर्यादा थोडी खाली आणायची असं ठरवलंय. रेंडरला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतील, बिघडत काही नाही.

ड्रायव्हरची बाजू तूर्त सुरक्षित आहे. आरटीएक्स कार्डांना विंडोज १० वर २०२६ च्या ऑक्टोबरपर्यंत नेहमीचे ड्रायव्हर देऊ असं एनव्हीडियाने जाहीर केलं आहे, आणि मायक्रोसॉफ्टची वाढीव मुदतही त्याच महिन्यात संपते. तोपर्यंत काकांनी नव्या मशीनसाठी बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. त्यांना मी एकच अट घालून दिली: कॅबिनेट आणि एसएमपीएस नेहमीच्या एटीएक्स मापाचे, कंपनीच्या खास पिनांचे नकोत.

मधल्या काळात भांडण मॉनिटरवर आलंय. १३६६ च्या पडद्यावर रंग असे दिसतात की तिने निवडलेली कोटा फरशी प्रिंटमध्ये वेगळीच येते. थोरलीला बावीस इंची आयपीएस (रंग नीट दाखवणारा) पाहिजे, धाकट्याला १४४ हर्ट्झचा (सेकंदाला जास्त फ्रेम दाखवणारा) पाहिजे, आणि काका म्हणतात की चित्र दिसतंय ना, मग झालं.